बेसाच्या प्लॉटवर बाटलीभर पाणी

जमीन पक्की करणारे जंतू बघायला पुण्याहून नागपूरला कुणी जातं का? मी गेले. दाजी निवृत्तीचा सगळा पैसा नागपूरच्या कडेला, बेसाच्या एका प्लॉटमध्ये घालायला निघाले होते आणि तिथली जमीन जंतू सोडून पक्की करून देऊ, असं बिल्डर सांगत होता. ताई फोनवर म्हणाली, "तू एकदा येऊन पाहून घे वं."

बिल्डरने गिऱ्हाइकांसाठी फुकट सहल काढली होती. सकाळी धरमपेठेतून गाडी निघाली. फुकटच्या पोह्यांना भुलू नका, तर्री अगदीच पाणचट होती.

पहिला थांबा कन्हानचा नदीकाठ. टाय लावलेल्या सेल्समनने वाळूच्या पिंपात जंतूंचं पाणी ओतलं. क्षणात जिरलं. "जंतू युरियावर काम करतात, त्यातून चुना धरतो आणि कणाला कण चिकटतो," तो म्हणाला. मग त्याने आधी बनवलेला ठोकळा दिला. दाजींनी तो दगडावर आपटला, पण फुटला नाही. मी खरंच थक्क झाले. त्या दिवसातली तेवढीच गोष्ट खरी होती.

"पाहून राहिली ना?" दाजी खुशीत होते. "आता खोल पायाची गरजच नाही!"

मग अख्खं शहर ओलांडून बेसा. जाणार असाल तर बूट घाला. रात्री पाऊस झाला होता आणि चार पावलांत माझ्या चपला काळ्या मातीने जड झाल्या. काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंती तडकवते, हे नागपुरात कुणाला माहीत नाही? आणि हे शहाणे तिला वाळूचं औषध पाजणार! गुडघ्याचं मलम डोळ्यात घालण्यातला प्रकार.

मी माझी बाटली जमिनीवर ओतली. पाण्याचं तळं साचलं.

"जंतू खाली कसे जाणार? पोहत?" मी विचारलं.

"मॅडम, प्रेशरनं जातात," सेल्समन म्हणाला.

दाजी भडकले. "तुले काहून प्रत्येक गोष्टीत खोट दिसते?" बुकिंगसाठी पेन त्यांच्या हातात होतं.

ताई तळ्याशी वाकली. "थांबा. हे पाणी जिरलं का मंग सही करजा."

बाकीची गिऱ्हाइकंही भोवती जमली. सेल्समनला एकदम जेवण आठवलं. "चला चला, थंडं होऊन राहिलं!" कुणी हललं नाही. पाणीही नाही. शेवटी दाजींनी पेनाला टोपण लावलं.

तो वाळूचा ठोकळा मी पिशवीत घालून आणला, आता पुण्यात माझं दार अडवायच्या कामी येतो. त्या जंतूंवर माझा राग नाही, ते बिचारे वाळूत इमानदारीने राबतात. दाजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण ताई सांगते, प्लॉट पाहायला निघाले की आधी पाण्याची बाटली भरून घेतात.