तीन पात्यांची परवानगी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या लॅबमध्ये वापरलेल्या बॅटऱ्या साचत, तसे ते साचतात. कुठल्या दिवशीच्या कचऱ्यात टाकायचे हे नक्की ठाऊक नसतं, म्हणून राहतात ड्रॉवरमध्ये. माझ्या ड्रॉवरमधले बहुतेक किस्से एका विमानाच्या प्रोपेलरचे आहेत.

मी पुण्याहून जपानमधल्या तोहोकूला पोस्टडॉक करायला आले, ती मोठ्या भूकंपानंतर. किनारा किती खचला हे विमानातून फोटो काढून मोजायचं, हे माझं काम. विमान मोरिता-सान यांचं. तेच मालक, तेच पायलट, वय अडुसष्ट. विमान चार सीटचं, जुनं, खडबडीत पट्टीवरही उतरणारं. ते जिथून उडे ती धावपट्टी मुळात भाजीपाला पाठवायला बांधलेली होती.

*

पट्टीच्या टोकाला कासेत्सु होती, म्हणजे त्सुनामीत घरं वाहून गेलेल्यांसाठी उभारलेली तात्पुरती घरं. आम्ही वरून गेलो की माणसं दारात येऊन वर बघत. शेवटच्या ओळीतल्या एक आजी तर प्रत्येक वेळी.

एक दिवस मोरिता-सान म्हणाले, "आपल्या आवाजाने ती माणसं घाबरतात."

"कुणी तक्रार केलीय का?"

"नाही ना. म्हणूनच."

तक्रार आली असती तर माफी मागता आली असती. न आलेल्या तक्रारीवर त्यांच्याकडे एकच उपाय होता. दोन पात्यांचा प्रोपेलर काढून तीन पात्यांचा, कमी आवाजाचा बसवायचा. वसंतापर्यंत परवानगी मिळाली नाही, तर विमान विकून टाकायचं. चाळीस वर्षं उडणारा माणूस हे बोलला तेव्हा हातातला स्पॅनर पुसत होता.

*

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "पंखाच बदलायचाय ना? त्याला सरकारची परवानगी कशाला?"

मी समजावलं. प्रोपेलर मान्य आहे, इंजिन मान्य आहे, विमानही मान्य आहे. पण ही तिन्ही एकत्र नांदतील, हे कुणी मान्य केलेलं नाही. थरथर जुळली नाही, तर पातं हवेत तुटू शकतं.

आई म्हणाली, "म्हणजे पत्रिका जुळवायच्यात."

हे मी मोरिता-सानना छत्तीस गुणांसकट समजावलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढे प्रत्येक मीटिंगनंतर ते गंभीरपणे विचारत, "आज छत्तीसपैकी किती?"

*

परवानगीचे अधिकारी अतिशय सभ्य गृहस्थ. आमचा अर्ज त्यांनी पूर्ण पाहिला, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "मुझुकाशी देसु ने." कठीण आहे.

मी पीएचडी केलेली बाई. कठीण आहे म्हणजे आणखी काम करून या, असं मला वाटलं. तीन आठवड्यांनी थरथरीची गणितं घेऊन गेले. "मुझुकाशी देसु ने." मग प्रोपेलरच्या कारखान्यातल्या चाचण्यांचे आकडे नेले. पुन्हा तेच.

चौथ्या खेपेला, परतीच्या ट्रेनमध्ये, मोरिता-सान खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मुझुकाशी म्हणजे नाही."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या उत्साहाने जात होतात. सांगणं मला मुझुकाशी वाटलं."

एव्हाना फाइल मात्र एवढी जाड झाली होती की नकार द्यायचा, तरी ती वाचणं भाग होतं. त्या गृहस्थांनी ती वाचली, आणि नकार द्यायला त्यांना काही सापडेना.

*

तपासणीसाठी प्रोपेलर विमानावर बसवला, तेव्हा दसरा होता. मी त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी तेच अधिकारी तपासणीला आले.

धातूतली भेग शोधायला लाल रंग लावून पुसतात. जिथे लाल रेघ उरते, तिथे भेग. पात्याच्या मुळाशी त्यांनी टॉर्च नेला आणि तिथेच धरला. तिथे बारीक लाल रेघ होती.

मोरिता-सान पांढरे पडले. मी घाईने पुढे झाले. "ते कुंकू आहे. नवीन यंत्राला लावतात. त्याने कुणाला इजा करू नये म्हणून."

अधिकाऱ्यांनी पांढऱ्या फडक्याने रेघ पुसली, भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि अहवालात लिहिलं: लाल पावडर, प्रार्थनेची. भेग नाही.

जाताना मला हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी शेपटीला लावा."

*

वसंताच्या तोंडावर परवानगी आली. आवाज खरंच उतरला. आम्ही कासेत्सुवरून गेलो, तर एकही दार उघडलं नाही. मोरिता-सान त्या दिवशी शीळ घालत होते.

दोन आठवड्यांनी शेवटच्या ओळीतल्या आजी हँगरवर आल्या, हातात संत्र्यासारख्या मिकानची पिशवी. त्यांनी कमरेत वाकून विचारलं, "विमान बंद केलंत का?"

"नाही, रोज उडतं," मोरिता-सान म्हणाले. "आता आवाज कमी केलाय. इतके दिवस त्रास दिला, माफ करा."

आजींनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माझा मुलगा अजून सापडलेला नाही. तुम्ही किनारा बघत जाता ना. म्हणून मी बाहेर येऊन मान लववायची. आता ऐकूच येत नाही."

दीड वर्षात आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली.

मोरिता-साननी विचारलं, "सकाळी तुम्ही कधी मोकळ्या असता?"

"नऊला. भांडी आवरून होतात."

आमची उड्डाणं ओहोटीवर ठरत. खचलेला किनारा उघडा पडला तरच माझे फोटो कामाचे. मोरिता-सान माझ्याकडे वळले.

"उद्या ओहोटी किती वाजता आहे?"

"नऊला," मी म्हणाले.

ओहोटी पावणेबाराला होती.