पिवळ्या रेघेची टाकी

एका माणसाच्या मरणाची बातमी वाचून मला आनंद झाला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जुन्या मोटारसायकली बाळगणाऱ्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. मीही त्यात आहे. एका सकाळी त्यावर निरोप आला, की पवनारचे एक जुने सदस्य वारले, त्यांची गाडी पूर्ण ओरिजनल आहे, कुणाला हवी असल्यास घरच्यांशी बोलावं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेतच कुणीतरी विचारलं, ‘कार्बोरेटर मिळेल का?’ किळस आली मला. मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि निरोप टाकणाऱ्याला बाजूला गाठून घराचा पत्ता घेतला.

माझी गाडी दोन स्ट्रोकची, पवनारच्या त्या गाडीच्याच जातीची. नोकरीला लागल्यावर जुनीच घेतली होती. तिच्यावरून मी वर्ध्याहून अल्लीपूरच्या शाळेत जातो, वीस वर्षं झाली. कंपनीने ती बनवणं केव्हाच बंद केलं. आधी पार्ट वर्ध्यातच मिळत. मग नागपूरहून मागवावे लागले. मग डुप्लिकेट आले. आठ दिवसांत तुटणाऱ्या रिंगा, पेट्रोलमध्ये विरघळून काळा चिकट गू होणारी रबरं. मग तेही येईनासे झाले. तरी मी ती सोडली नाही. गरज म्हणाल, तर नव्या गाडीला नाही म्हणायला मला काही कारण नव्हतं. खरं कारण असं, की अल्लीपुरात शिरलो की आवाजावरून लोक म्हणत, ‘सर आले.’ त्या दोन शब्दांची मला चटक लागली होती.

त्या उन्हाळ्यात तिची मॅग्नेटची कॉइल जळली. प्लगला ठिणगी देणारा करंट या कॉइलमधून येतो, ती गेली की गाडी म्हणजे लोखंड. माझ्या मिस्त्रीने तांब्याची तार गुंडाळून ती दोनदा भरून दिली. दोन्ही वेळा रस्त्यातच जळली. दुसऱ्यांदा भर उन्हात मी पाच किलोमीटर गाडी ढकलली. मिस्त्री म्हणाला, “सर, हे आता भरून काई होत नाई. दुसऱ्या गाडीची काढून आना. कोनाची पडली असन कुठं.”

आणि पवनारचा निरोप आला.

मी तेरवी होईपर्यंत थांबलो. हे थांबणं मला तेव्हा सभ्यपणाचं वाटलं होतं. चौदाव्या दिवशी बसने पवनारला गेलो. धाम नदीच्या पुलाच्या अलीकडे उतरून घर शोधलं. मृत गृहस्थ एका कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची बायको, सत्तरीच्या आतबाहेरची, अंगणात तूर पाखडत होती. मी नमस्कार केला, फार वाईट झालं म्हणालो, आणि बोलता बोलता माझी नजर अंगणाच्या कडेच्या छपरीत उभ्या गाडीकडे गेली. ती तिला दिसली.

“तुमी चवथे आहा, भाऊ,” ती म्हणाली.

“चौथा?”

“गाडीसाठी येनारे. पयला तर राख सावडली त्याच दिवशी आला. एकानं त्याईच्या फोटोले हात जोडाच्या आंदी छपरीत जाऊन किक मारून पाह्यली.”

मी म्हणालो, “लोक काय हो काकू, लाज सोडलेली असते.” हे मी खरंच म्हणालो.

“तिघाईलेही मी नाई म्हनलं. त्याईले पुर्जे पायजे व्हते. तुमाले काय पायजे?”

“गाडी.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“खोलान त नाई?”

“नाही काकू. चालवीन.”

तिने सूप खाली ठेवलं आणि किल्ली आणून दिली. मी पैशाचं बोलू लागलो तर हात आडवा केला. मग मला छपरीत नेऊन टाकी दाखवली. काळ्या टाकीवर दोन्ही बाजूंना एक पिवळी रेघ होती, हाताने काढलेली, मध्ये थोडी थरथरलेली. “दर दिवाईले नवी काढत,” ती म्हणाली. “मी म्हनो, वाकडी झाली. ते म्हनत, चालवतानी कोनाले दिसते.”

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो करून गाडी वर्ध्याला आणली. सीटखाली हात घातला तर जुन्या लुगड्याचा तुकडा निघाला, तेल पुसायचा, धुऊन घडी घातलेला. तो मी जागेवर ठेवला. आठ दिवस गाडी अंगणात झाकून ठेवली आणि स्वतःला सांगत राहिलो, की दोन्ही गाड्या चालवायच्या, आलटून पालटून.

नवव्या दिवशी कॉइल काढली. एकच तर वस्तू, दुसरी मिळाली की परत बसवू. मग माझा कार्बोरेटर वाहू लागला, म्हणून तिचा घेतला. मग क्लच प्लेटा. एकदा उघडलेल्या गाडीला हात घालताना काही वाटेनासं होतं. दर वेळी एखादा सुटा झालेला नट माझ्या खिशात यायचा आणि हाताला तो गोडसर, कुजका, जुन्या तेलाचा वास लागायचा. साबणाने जात नसे. त्या हाताने मी जेवायचो. पावसाळ्यात माझी टाकी खालून गंजून गळायला लागली तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही. पिवळ्या रेघेची टाकी माझ्या गाडीवर बसली आणि फार शोभली. शाळेतले शिक्षक म्हणाले, “सर, गाडी नवी केली का?” मी हसलो.

उरला तो सांगाडा. बायको म्हणाली, “अंगणात पाय ठेवायले जागा नाई, हे मढं हलवा.” कबाडी आला. अख्खा सांगाडा त्याच्या हातगाड्यावर मावेना, म्हणून त्याने माझ्या फाटकासमोरच गॅस कटरने फ्रेम मधोमध कापली. पाइपातून गंजाचं तांबडं पाणी ओघळलं. शेजारीपाजारी बघत होते. आणि मी काय करत होतो? कबाडी नजर चुकवून स्पीडोमीटर घेऊन जाईल, म्हणून त्याच्या हातांवर लक्ष ठेवून उभा होतो.

महिन्याभराने वर्ध्याच्या बसस्टँडसमोर मी पान घ्यायला थांबलो होतो. गाडी कडेला लावलेली. वळून पाहिलं तर पवनारच्या काकू टाकीवर हात ठेवून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात दवाखान्याची पिशवी. बोट त्या रेघेवरून हळूहळू जात होतं.

“हे त त्याईची रेघ हाय,” त्या म्हणाल्या. “पन गाडी त्याईची नाई.”

“माझी टाकी गळत होती काकू, म्हणून फक्त...”

“आन् बाकीची?”

“घरी आहे,” मी म्हणालो. इतक्या सहज, की माझा मलाच राग येण्याआधी वाक्य संपलंही होतं.

“मंग एक डाव पवनारले आना. पूर्ण करून. मले पाहू द्या.” एवढं बोलून त्या बसकडे गेल्या.

मी मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, कुठून एखादी फ्रेम मिळेल का, जोडून काही उभं करता येईल का. तो मोठ्याने हसला. “सर, फ्रेम त तुमी कबाडात घातली. आता काय टाकीलेच चाकं लावता?” त्याच्या दुकानातले दोघं तिघं हसले. मीही हसलो, आणि हसताना मला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली.

पंधरा दिवस मी बसस्टँडचा रस्ता टाळला. मग एका रविवारी सकाळी गाडी घेऊन पवनारला गेलो. आवाज ऐकून त्या आधीच दारात येऊन उभ्या होत्या. मी उतरलो आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. कॉइल, कार्बोरेटर, क्लच प्लेटा, टाकी. कबाडी. कटरही. घरी आहे म्हणालो ते खोटं होतं, तेही.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. रडल्या नाहीत. कुणाच्या ओकारीकडे पाहावं तसं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “जे तिघं आले व्हते, त्याईनं निदान खरं सांगतलं, की आमाले पुर्जे पायजे.”

त्यांनी टाकीकडे पाहिलं.

“आतलं राहू द्या तुमाले,” त्या म्हणाल्या. “कॉइल नं काय काय ते. मले त्यातलं काई समजत नाई. जे दिसते ते द्या. टाकी काढा.”

“आत्ता?”

“मंग कदी?”

माझ्याकडे पान्हा होता. अंगणात उकिडवा बसून मी टाकी सोडवली. त्यांनी प्लॅस्टिकचा डबा आणून दिला, त्यात पेट्रोल उतरवलं. थोडं हातावर, थोडं पँटवर सांडलं. टाकी मोकळी झाली तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, पदराने पुसली आणि आत घेऊन गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता.

“हात धुवा आन् जा. गाडी राहू द्या छपरीत. उद्या तुमची टाकी घेऊन येजा.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. पेट्रोलचा वास इतका, की शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली. मी तिला दोष देत नाही. मलाही उठून स्वतःपासून दूर बसता आलं असतं, तर मी बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेतली, तात्पुरती गळू नये म्हणून माझ्या जुन्या टाकीच्या भोकाला साबण लावला आणि ती मांडीवर घेऊन बसनेच पवनारला गेलो. छपरीत गाडी होती. काकू घरात होत्या, आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही, त्याही बाहेर आल्या नाहीत. टाकी बसवली, डब्यातलं पेट्रोल परत ओतलं आणि गाडी पुलापर्यंत ढकलत नेली. त्यांच्या दारात किक मारायची माझी हिंमत झाली नाही.