मामा म्हणायला शिकवलेली मुलं

त्या मे महिन्यातलं प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यात माझ्याबरोबर काम केलेल्या महिला हवालदार नुकत्याच वारल्या. त्यांच्या तेराव्याहून घरी आलो आणि लिहायला बसलो. एका बैठकीत होईल असं वाटलं होतं, पण पुष्कळ दिवस लागले.

मी तेव्हा रोह्याला उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एका बाईंचा फोन आला.

"साहेब, दारावर पापड विकणारी पोरं येतात. पाणी दिलं तर पीत नायत. एकीला म्हटलं, का गो? तर म्हणते, पाणी प्यायलं की मोरीत जावं लागतं, मामा वरडतो."

साध्या कपड्यांत चौकशी केली. एक माणूस पेणला पापड घ्यायचा, जवळच्याच जिते गावात एका खोलीत ठेवलेली मुलं सकाळच्या गाडीने रोह्याला आणायचा आणि आळी वाटून द्यायचा. स्टेशनबाहेर सावलीत तो बसलेला सापडला. मुलं उन्हात होती.

ठाण्यात आणल्यावर तो जराही घाबरला नाही. "सगळी माझ्या सख्ख्या बहिणींची पोरं हायत. शाळेला सुट्टी हाय, धंदा घरचा हाय. कायदा वाचलाय मी, साहेब."

"इतक्या सख्ख्या बहिणी?"

"बापाने कसर ठेवली नाय, साहेब."

आमच्या लेखनिकाला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याने कायदा खरंच वाचला होता. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे, पण शाळा सांभाळून किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावायची मुभा आहे. त्या घरच्यांत सख्खा मामा मोजला जातो. हा नेमका मामा झाला होता.

मुलंही पढवलेली होती. मामाचं नाव, गाव, आजोळ, सगळी एका सुरात सांगत. दुसऱ्या दिवशी त्यांना बालकल्याण समितीपुढे हजर करायचं होतं. तोवर नातं खोटं आहे हे दिसलं नाही, तर तो नातेवाईक म्हणून मुलांचा ताबा मागणार आणि पोरं पुन्हा जित्याच्या खोलीत जाणार, हे उघड होतं.

पढवलेलं मूल सरळ प्रश्नाला अडखळत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. मी हवालदारबाईंना म्हटलं, "मामाचं काही विचारू नका. दिवाळीच्या गप्पा मारा."

मुलांना ठाण्यात न ठेवता आम्ही जवळच्या अंगणवाडीत बसवलं होतं. त्यांच्यातली एक अकरा-बारा वर्षांची मुलगी सगळ्यांत सावध होती. हवालदारबाई तिच्या केसांतला गुंता सोडवत बसल्या. करंज्या झाल्या, फटाके झाले, मुलगी हसायला लागली. मग त्यांनी सहज विचारलं, "न् भाऊबीजेला आईच्या ताटात काय पडतं गो?"

"काय नाय. आईला भाऊच नाय. ती ताट घेऊन अंगणात जाते न् चंद्राला ओवाळते."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने दाराकडे पाहिलं. मी तिथे उभा राहून टिपून घेत होतो.

"ह्ये लिवलंत?" तिने विचारलं. "मामा बोललाय, खोटं उघडं पडलं तर आईला आत टाकतील."

"आईला कोण नाय नेत, बाय," हवालदारबाई म्हणाल्या. ते खरंही होतं. पण मुलगी त्यांच्या हातातून केस सोडवून भिंतीशी जाऊन बसली.

बाकीची मुलं मग एकेक करून खरं बोलली. गुन्हा दाखल झाला. वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि मला ते आवडलं.

समितीपुढे आतल्या गावातून त्या मुलीची आई आली. त्या माणसाने तिला सांगितलं होतं, पोरगी सुट्टीभर पेणला पापड लाटायला बसेल, सावलीत. नातं तपासायचं म्हणून मुलीचा जबाब मोठ्याने वाचला गेला. चंद्राचं वाक्य आलं तेव्हा बाईंनी पदर तोंडावर घेतला.

"हा तुमचा भाऊ?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाय. मला भाऊ नाय." मग त्या म्हणाल्या, "पण मी अंगणात उभी राहते, ते ह्या एवढ्या लोकांत कशाला वाचलं?"

अध्यक्षांनी पुढचं पान उलटलं. मुलगी आईकडे पाहत नव्हती. ताबा आईकडे दिला गेला, दोघी गेल्या. एकमेकींचा हात त्यांनी धरला नव्हता.

परतताना जीपमध्ये हवालदारबाई म्हणाल्या, "साहेब, पोरगी माझ्याशी बोलत होती. पोलिसांशी नव्हती."

त्या माणसाला पुढे शिक्षा झाली. मुलगी शाळेत गेल्याची मी खात्री करून घेतली. कायद्याने मुलांना जे संरक्षण दिलं ते त्यांना मिळालं, आणि ते चांगलंच झालं. पण त्यासाठी मी एका मुलीच्या तोंडून तिच्या आईचं एकटेपण काढून घेतलं, तेही तिला न सांगता. समितीकडे एखाद्या दिवसाची मुदत मागून खपलो असतो, तर शिधापत्रिका आणि शाळेचे दाखले तेच बोलले असते. मला घाई होती.

त्यानंतर कोणत्याही मुलाशी बोलण्याआधी मी कोण आहे आणि त्याचं बोलणं कुठे जाणार, हे सांगत आलो. ऐकून काही मुलं गप्प राहिली. एकदा त्यामुळे आरोपी सुटलाही. त्या दिवशी मी त्या मुलाला घरी पोचवायला गेलो आणि वाटेत त्याला काहीही विचारलं नाही.