पावाच्या रांगेतली दोरी

माझी सासू पेरीन पॅरिसमध्ये, सेन नदीवर लोकांची धुणी धुवायची. तोंडाने फटकळ. पाव महागला म्हणून भर पावसात व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत चालत जाऊन राजाला पॅरिसला घेऊन आलेल्या बायकांत ती होती, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. पुढे राजाचंच मुंडकं उडालं. पाव काही स्वस्त झाला नाही, मुंडकी मात्र रोज उडायला लागली.

त्या हिवाळ्यात बेकरीच्या दाराला लांब दोरी बांधलेली असायची. जिच्या हातात दोरी, तिची जागा पक्की. एका सकाळी सासूच्या पुढे म्हातारी व्होब्रेल उभी होती, एका जहागीरदाराची विधवा. सासूच्या मागे मी. तेवढ्यात क्रांतीचे दोन लाल टोपीवाले शिपाई म्हातारीला पकडायला आले.

"तिने दोरी धरलीय," सासू म्हणाली. "पाव घेतल्याशिवाय ती हलणार नाही."

"जहागीरदारणीची बाजू घेतेस, पेरीन?" त्यातला एक म्हणाला.

"बाजू कसली डोंबलाची. जन्मभर हिच्या चादरी धुतल्या, हिने कधी माझं नाव विचारलं नाही. पण नंबर तिचा आहे. रांगेत सगळे सारखे, म्हणून तर आम्ही व्हर्सायपर्यंत पाय झिजवले. तेव्हा तुम्ही कुठे होता रे?"

आम्ही सगळ्या बायकांनी दोरी घट्ट ताणून धरली. टोपीवाले थांबले. म्हातारीने पाव घेतला, अर्धा मोडून सासूच्या हातात ठेवला, आणि दोरी सोडून त्यांच्याबरोबर गेली. ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूने आपल्यापुढे एका माणसाची जागा मोकळी सोडली. मागून एकही बाई "पुढे सरक" म्हणाली नाही.