ओळंब्याचा जाड थर

गल्लीत त्यांना सगळे ओळंबा म्हणत. जन्मभर ओळंब्याच्या दोरीने भिंती सरळ करत गवंडीकाम केलेला हा माणूस कोणाच्याही घरी गेला, की आधी एक डोळा मिटून भिंत बघायचा आणि म्हणायचा, "डावीकडे कललीय." यजमानाचं तोंड उतरलं, की मगच त्यांच्या घशाखाली पाणी उतरायचं.

काम सुटल्यावर त्यांना बुद्धिबळाचं वेड लागलं. मुलाने टाकून दिलेल्या जुनाट कॉम्प्युटरवर ते परगावी गेलेल्या मित्राशी खेळत. मित्र रंगारी. ओळंब्यांनी बांधायचं, त्याने रंगवायचं आणि दोघांनी भांडायचं, असा तीस वर्षांचा रिवाज. बुद्धिबळात मात्र ओळंबा एकदाही जिंकले नव्हते. आणि आज? आज नुसता वजीर सरकवला की रंगाऱ्याचा राजा खलास! फक्त खेळी संध्याकाळच्या आत करायची, नाहीतर डाव गेला.

नेमका आजच कॉम्प्युटर रुसला. चालू केला की घर्रर्र, घूंऽऽ, आणि पट उघडायच्या आत टप्प!

"अहो, ते डबडं तापलंय," बायको म्हणाली. "शर्ट पसरा वर, इस्त्री तरी होईल."

ओळंब्यांनी डबडं उघडलं. पंख्यात उशी भरेल एवढी धूळ. झाडली. तरी टप्प! मग पंख्याखालचा धातूचा ठोकळा काढला. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामधली, गरमी वर नेणारी पेस्ट वाळून खपली झाली होती. ती खरवडून ते दुकानातून नवी नळी घेऊन आले. सामानातली सगळ्यात लहान थापी काढली आणि असा काही गिलावा केला, की बघत राहावं! कोपरे काटकोनात, कडा सफाईदार. एक डोळा मिटून तपासलं. "शंभर वर्षं हलणार नाही."

चालू केला. आधीपेक्षा लवकर टप्प!

तेवढ्यात रंगाऱ्याचा फोन. "काय रे गवंड्या, पळालास?"

"कॉम्प्युटर तापून बंद पडतोय."

"हरायला लागलं की माझाही पडतो."

"जिंकतोय मी, लेका! वजीर बघ माझा!"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. "पेस्ट किती लावलीस?"

"जवळजवळ अख्खी नळी. चांगला जाड थर दिलाय."

"अरे, ती काय भिंत आहे? बारीक खाचा भरण्यापुरती लावायची, नाहीतर गरमी वर जाणार कशी? पूस सगळं. एकच पातळ हात मार, माझ्यासारखा."

"तुझ्या पातळ हातांचे वर्षभरात पोपडे निघायचे!"

"मग बस बोंबलत." फोन बंद.

ओळंब्यांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन उतरायला लागलं होतं. दात-ओठ खात त्यांनी जुन्या बनियनने आपला देखणा गिलावा पुसला. नळीच्या टोकाशी वाटाण्याएवढी पेस्ट उरली होती. ती लावली, इतकी पातळ की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

चालू केला. घर्रर्र नाही, टप्प नाही. पट उघडला. वजीर सरकला. मात!

लगेच फोन. "ठीक आहे, ठीक आहे. मांड दुसरा डाव."

"आज नाही."

"घाबरलास?"

"आज नुसतं बघणार."

आणि खरंच, ते खुर्चीत रेलून तो संपलेला डाव बघत बसले. जेवायची वेळ झाली तशी बायकोने बटणाकडे हात नेला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आता तापत नाही तो."