पासावरचे श्री. नाईक

हवालदार कुत्र्याशी हिंदीत बोलत, माणसांशी गावच्या बोलीत, आणि ज्याचा राग आला त्याच्याशी बोलतच नसत. 'आगे बढ', 'थम', 'दाहिने मुड', 'विश्राम' अशा फौजी हुकमांवर त्यांचा कुत्रा चाले, थांबे, वळे आणि बसे. कुत्रा गावठी, तांबूस, एक कान पडलेला. त्याचे नाव नाईक.

नाईक हे आडनाव नव्हे, हुद्दा. सीमेवर सुरुंग फुटून हवालदारांचे डोळे गेले आणि ते पेन्शनवर माणदेशाच्या कडेच्या आमच्या गावी भावाकडे परतले. पहिले वर्षभर कुणी हाताला धरून नेईल तिथेच ते जात. मग त्यांनी एक पिल्लू पाळले. पिल्लू आधी शिपाई होते. उघडे गटार आले की आपण होऊन थांबू लागले तेव्हा लान्स नाईक झाले. बाजाराच्या दिवशी पेठेतून हवालदारांना कुणाचाही धक्का न लागता पलीकडे नेले तेव्हा नाईक. एकदा कोंबडीमागे धावल्याबद्दल आठ दिवस हुद्दा उतरवला होता. ते आठ दिवस हवालदार त्याला नुसते 'लान्स' म्हणत, आणि गावही म्हणे.

नाईकात एक उणीव होती. तो गटारापाशी थांबे, बैलगाडीपाशी थांबे. म्हशीपुढे मात्र थांबत नसे. हवालदार दोनदा म्हशीला जाऊन धडकले. पारावरच्या मंडळींनी विचारले, "काय हवालदार, कुत्र्याला म्हस दिसत न्हाई व्हय?" अंगरखा झटकत हवालदार म्हणाले, "म्हस ड्यूटीवर नव्हती. ड्यूटीवर आमी हुतो. रस्ता तिनं द्यायचा."

फौजेच्या रुग्णालयात ते वेताच्या खुर्च्या विणायला शिकले होते. कुत्र्याच्या पट्ट्याला जोडलेली वेताची मूठही त्यांनीच केलेली. त्या कामामुळे एक्क्याण्णव साली सांगलीतल्या अंधांच्या एका संस्थेने त्यांना शिक्षक म्हणून बोलावले. सोमवारी यायचे, शनिवारी परत. अट एकच : येणे-जाणे स्वतःचे स्वतः जमले पाहिजे. महिनाअखेरपर्यंत रुजू झाले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार होती. भावाने सोबत येण्याची तयारी दाखवली. हवालदार म्हणाले, "तू मला सोडाय आलास तर मी तितल्या पोरांस्नी काय शिकवू? भाऊ कसा धरायचा ते?"

पहिल्या सोमवारी तालुक्याच्या स्टँडवर कंडक्टरने सांगितले, "आप्पा, तुमी या. कुत्रं आत चालणार न्हाई. टपावर बांधा."

"त्यो टपावर बसला तर मला दार कोण दावणार?"

"मी दावतो की."

"आज दावशील. पुढल्या सोमवारी तुजी ड्यूटी कुटं आसंल?"

गाडी गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सोमवारीही तेच झाले. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात होतो आणि दर सोमवारी त्याच गाडीने जात असे. बातमी करू का, असे मी विचारले. त्यांनी नको म्हटले. "वरचे वाचतील. वाचलं की नियम काढतील."

दोन दिवसांनी ते अंध प्रवाशांच्या सवलतीचा पास काढायला आगाराच्या कचेरीत गेले. बरोबर मी होतो. कुत्र्याला आत मज्जाव असल्याने नाईक दाराबाहेर विश्राममध्ये बसला होता. फॉर्ममध्ये 'सोबत्याचे नाव' असा रकाना होता. कारकुनाने मान वर न करता विचारले, "सोबत कोण असतं?"

"नाईक."

"पूर्ण नाव?"

"येवढंच हाय."

"नातं?"

"माज्या हाताखाली हाय."

"फौजेतलेच म्हणायचे. सही करतात का?"

"शिकला न्हाई."

"आलेत का?"

"भाईर बसल्यात."

कारकुनाने पासावर लिहिले : 'सोबती – श्री. नाईक.' आमच्याकडे घराआड एक माणूस फौजेत असतो आणि नाईक आडनावाची घरेही पुष्कळ आहेत. त्याला शंका येण्याचे कारण नव्हते. बाहेर आल्यावर हवालदारांनी मला तो पास दोनदा वाचायला लावला. 'श्री.'पाशी थांबून म्हणाले, "ह्ये त्यानं मनानं घातलं. पर शोभतंय."

चौथा सोमवार महिन्यातला शेवटचा होता. कंडक्टरने पास पाहिला. "आणि नाईक कुटं हायती?"

"ह्ये काय."

मागच्या बाकावरून कुणी ओरडले, "आवं कंडक्टर, नाईकसायबांना खिडकीजवळ बसवा!" गाडीभर हशा झाला. कंडक्टर हसला नाही. त्याने खाली उतरून स्टँडवरच्या कंट्रोलरला बोलावले. कंट्रोलर वयस्क आणि शांत होता. पास त्याने दोन्ही बाजूंनी वाचला.

"हवालदार, ही फसवणूक झाली."

"एक शब्द खोटा बोललो आसलो तर पास फाडा."

"जनावर सोबती कसं होईल?"

"सोबत्याचं काम मागल्या बाजूला छापलंय म्हणं. वाचा की."

कंट्रोलरने मोठ्याने वाचले : प्रवाशास गाडीत चढण्या-उतरण्यास मदत करणे व सुरक्षितपणे नेणे. मग म्हणाला, "ठीक. चौकशीच्या खिडकीपर्यंत जाऊन परत या. मी बघतो."

ते उतरले. खिडकीपर्यंत गेले. परतताना हवालदारांनी हुकूम दिला, "आगे बढ." नाईक हलला नाही. त्यांनी पुन्हा सांगितले, आवाज चढवून. नाईक त्यांच्या पायांवर आडवा पडला. त्याच क्षणी फलाटावरची दुसरी एक गाडी जोरात मागे आली आणि हवालदारांच्या पुढून, हातभर अंतरावरून गेली. स्टँडवर एवढी वर्दळ होती की तिचा आवाज वेगळा ओळखू येत नव्हता. आमच्या गाडीतले हसणे थांबले.

गाडी गेल्यावर नाईक उठला आणि त्याने हवालदारांना सांगली गाडीच्या पायरीशी आणून उभे केले.

कंट्रोलर म्हणाला, "त्यानं तुमचा हुकूम मोडला."

"मोडायचाच आसतो, तवा. त्येच शिकवाय मला दोन वर्सं लागली. बाकीचं म्हैन्यात आलं."

कंट्रोलरने पास परत दिला आणि कंडक्टरला म्हणाला, "दोघांना बसव. शेजारी शेजारी. पासावर तसंच आहे." मागच्या बाकावरचा माणूस उठला आणि त्याने आपली जागा दिली. विट्यापर्यंत गाडीत दुसरा विषय नव्हता. नाईकाला बढती द्यावी, असे एका म्हातारीने सुचवले. हवालदार म्हणाले, "द्यायला पायजे. पर मग पासावरचं नाव बदलाय लागंल, मावशी. ऱ्हाऊ द्या नाईकच."

त्या दिवशी दुपारी ते रुजू झाले.

पुढे सात वर्षे सोमवारची गाडी त्यांनी एकदाही चुकवली नाही. संस्थेत ते खुर्च्या विणायला शिकवत. पण पहिला महिना कुणाच्याही हाती वेत देत नसत. आधी स्टँडवर जायचे, बस विचारायची, बसायचे, एक थांबा जाऊन परत यायचे. पाटणची एक विद्यार्थिनी रडत म्हणाली, "हरवले तर?" ते म्हणाले, "हरवलीस तर रस्ता इचारशील. डोळेवालं काय करत्यात?" दिवाळीला ती पाटणला एकटी गेली आणि एकटी परत आली.

अठ्ठ्याण्णव साली त्यांनी काम सोडले. नाईकाचे तोंड पांढरे झाले होते आणि मागचे पाय जड. निरोपाच्या दिवशी संस्थेने त्यांना घरी सोडायला जीप मागवली. हवालदारांनी ड्रायव्हरला चहा पाजून ती परत पाठवली आणि पायी स्टँडकडे निघाले. मागून सगळा वर्ग निघाला. मी मोजले, बावीस जण होते. हातात पांढऱ्या काठ्या, मध्ये कुणी डोळस नाही. नाईक ज्या चालीने चालत होता त्या चालीने रांग चालली. मोठ्या चौकात रिक्षा, सायकली, उसाचे ट्रॅक्टर थांबले आणि रांग पूर्ण पलीकडे जाईपर्यंत कुणी हॉर्न वाजवला नाही.

स्टँडवर कंडक्टर नवा होता. एवढी माणसे पाहून तो गोंधळला. "आजोबा, ही सगळी येणार? आणि ह्यांच्यासंगं कोण हाय?"

हवालदारांनी पायरीवर पाय ठेवला. "जाणार आमी दोगं. ती पोचवाय आल्यात. आपली आपण परत जातील."