बाबांच्या दाराचं कुलूप

चावीवाल्याने तिचं बोलणं ऐकलं, हातातली कानस खाली ठेवली आणि दुकानाबाहेर एकदा डोकावून पाहिलं. बाई एकटीच होती. अंगावर दवाखान्याचा पांढरा कोट, खांद्याला पर्स, आणि मागत होती काय, तर चावीशिवाय कुलूप उघडायची हत्यारं.

"कशाला हवीत?" त्याने विचारलं.

"वडिलांचं दार उघडायला."

ती नर्स होती. आई गेल्यावर वडील तिच्याकडे राहायला आले आणि हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. त्याहून वाईट म्हणजे संशय. घरात चोर शिरलाय असं मनाने घेतलं की ते आपल्या खोलीत शिरत आणि दार लोटून घेत. दाराचं लॅच खट्कन लागायचं. बाहेरून उघडायला चावी हवी, आणि चाव्या तर त्यांनी एकेक करून गायब केलेल्या. तिच्या पर्समधली गेली, शेजारच्या काकूंकडे ठेवलेली गेली, पिठाच्या डब्यात लपवलेलीसुद्धा गेली. कुलूप बदललं, तर नव्या चाव्यांनाही पाय फुटले. कुलूप काढूनच टाकलं, तेव्हा बाबा दाराला पाठ लावून बसून राहिले, जेवायलाही उठेनात. म्हणून पुन्हा बसवलं. शेवटी एकदा सुताराला बोलावून दार फोडावं लागलं. पहारीच्या पहिल्याच घावाला आतून बाबा जे ओरडले, ते तिच्या कानातून जात नव्हतं. तुटलेली फळी त्यांच्या कपाळाला लागली होती.

परगावच्या भावाने फोनवर सरळ सांगितलं, की बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. ती नको म्हणाली, तसा तो चिडला. "तुझ्या हट्टापायी एक दिवस जिवावर बेतेल त्यांच्या," असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

चावीवाल्याचा यातल्या अक्षरावरही विश्वास बसला नाही. दुकान बंद करून तो तिच्यामागे घरी आला. नवं दार पाहिलं, लॅच पाहिलं. बाबांनी त्यालाच चोर ठरवून खिसे उलटे करायला लावले. त्याने निमूटपणे केले. बाबांनी मग त्याच्या चपलाही तपासल्या. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "ताई, उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन संच समोर ठेवले. एक चामड्याच्या पाकिटात, टोकं वाकवलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या पोलादी आकड्यांनी गच्च भरलेला, नुसता चकाकत होता. दुसरा फडक्यात गुंडाळलेला, मोजकाच. तिचा हात आपसूक पाकिटाकडे गेला.

त्यातले निम्मे तुम्हाला जन्मात लागणार नाहीत, असं त्याने समजावलं. ऐन वेळी हा घेऊ की तो घेऊ, यातच घालमेल होईल. नवशिक्याला एक आखूड आकडा, एक जरा उंच, एक दातेरी आणि कुलपाला ताण द्यायची वाकडी पट्टी, एवढं पुरे. पट्टीने ताण धरायचा आणि आकड्याने आतल्या खुंट्या एकेक करून जागी बसवायच्या; सगळ्या बसल्या की कुलूप फिरतं.

तरीही तिने दोन्ही संच दुकानातल्या एका कुलपावर लावून पाहिले. पाकिटातल्याच्या रबरी मुठी बोटांना सुखाच्या होत्या, पण कुलपाच्या आतली खुंटी हलली की नाही, ते मुठीतून कळेना. फडक्यातला आकडा नुसत्या पोलादाचा, बोटाला रुतणारा. तो आत सरकवला आणि बारीकशी हालचाल तिला थेट जाणवली, सुई शिरेत गेल्याची जाणवते तशी. तिने फडकं गुंडाळून घेतलं.

"ताण देताना जोर नको," त्याने बजावलं. "तान्ह्या बाळाची नाडी बघता ना, तेवढाच. आणि दुसऱ्याच्या दाराला लावलंत, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

घरच्यासारखंच एक जुनं लॅच त्याने सरावाला दिलं. ते मांडीवर घेऊन ती बसे. कधी पटकन उघडे, कधी तासभर दाद देत नसे.

मग ती दुपार आली. ड्युटीवरून ती परतली, तर टेबलावर बाबांचं ताट तसंच झाकलेलं. सकाळी इन्सुलिन तिनेच टोचलं होतं. खोलीचं दार बंद. तिने हाक मारली.

"कोण आहे?" आतून आवाज आला, आणि तो जड होता. शब्द एकमेकांत घसरत होते. रक्तातली साखर उतरत चालली, हे तिला त्या आवाजावरूनच कळलं.

"बाबा, मी आहे. दार उघडा."

"माझी मुलगी कामाला गेलीय. तू कोण?"

सुताराला बोलावायला वेळ नव्हता. तिने गुडघे टेकले, पट्टी बसवली, आकडा आत घातला. पोलाद किरकिरलं आणि आत काठी जमिनीवर आपटली.

"चोर! चोर!"

त्यांच्या लेखी खरंच कोणीतरी कुलूप फोडत होतं. घाईत तिचा पट्टीवर जोर पडला आणि सगळ्या खुंट्या अडकून बसल्या. तिने पट्टी सोडली. पुन्हा पहिल्यापासून. आणि ती बोलत राहिली, दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटशी बोलावं तसं: बाबा, आवाज येतोय तो माझाच आहे, आता मी कुलूप उघडतेय, कोणी तुम्हाला हात लावणार नाही.

काठीचा आवाज थांबला. बाबांचाही थांबला. ही शांतता ओरडण्यापेक्षा वाईट होती. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. एक खुंटी बसली. दुसरी बसली आणि निसटली. तिने डोळे मिटून घेतले. बोटांना कळत होतं तेवढंच धरून राहिली. आणि पट्टी अचानक सैल होऊन फिरली.

बाबा पलंगाला टेकून जमिनीवर बसले होते, घामाने चिंब, काठी अजून मुठीत. तिला पाहून त्यांनी ती उगारली, पण हात वर जाईना. तिने साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. बराच वेळ ते तिच्याकडे परक्यासारखे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढा वेळ कुठे होतीस?"

ती त्यांच्याशेजारी फरशीवरच बसली आणि पोटभर रडली.

संध्याकाळी तिने भावाला आपण होऊन फोन केला, काहीही न लपवता सगळं सांगितलं. तो दोन दिवसांत आला. वृद्धाश्रमाचं नाव त्याने काढलं, नाही असं नाही; पण बाबांजवळ दिवसभर बसला, आणि निघताना सोबतीला एक बाई ठरवून गेला. जवळ माणूस असल्यावर बाबांचं दार लावून घेणं कमी झालं. थांबलं मात्र नाही. अधूनमधून लॅच खट्कन लागे. तेव्हा ती आधी दार वाजवी, काय करतेय ते मोठ्याने सांगे आणि मगच आकडा आत घाली. बाबा आतून कान देऊन ऐकत, आणि उशीर झाला की कुरकुरत, "जमत नसेल तर चावीवाल्याला बोलव."